ओढ्यापलीकडची आई

सणाच्या सकाळी आक्काने जीभ आवरायला हवी होती. पण आमच्या यॉम घराण्यात आक्काची जीभ कधी कोणी आवरलेली पाहिली नाही, आक्काने स्वतःही नाही.

"काय ग बाई तुझा हात!" हेजूकरणीच्या सोंगप्यॉनवरून तिने बोट फिरवलं. तांदळाच्या उकडीच्या त्या इवल्या कोरी चुलीवरच्या मडक्यात, पाइनच्या सुयांच्या थरावर ओळीने मांडल्या होत्या. "म्हणतातच ना, जिची सोंगप्यॉन देखणी तिला लेकरू देखणं."

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं, की हेजूकरणीला लेकरू झालंच नव्हतं. धाकटी गांग्वाकरीण खाली मान घालून तिळाचं सारण ढवळत राहिली. तिच्या हातच्या सोंगप्यॉन म्हणजे कोणीतरी चुकून पाय दिलेल्या दिसत, आणि तिला तीन लेकरं झाली होती. हसू तिने दाबलं, पण पुरतं नाही.

"लेकरू आहे की, वन्सं," हेजूकरीण म्हणाली. "अठरा वर्षांचं, देखणं. अंगणात लाकडं फोडतंय. दिसत नाही का?"

"दिसतंय ना," धाकटी म्हणाली. "नाक तेवढं माझ्या वडलांचं घेतलंय."

आक्काने पटकन चुलीत दोन काटक्या सारल्या. ह्या दोघींमध्ये बसायचं म्हणजे आगीपाशी बसणंच होतं, निदान चुलीची आग तरी शिजवायच्या कामाची.

आमच्यात सुनांना नावाने कोणी हाक मारत नाही, माहेरच्या गावावरून मारतात. थोरला मानसॉप, त्याची बायको हेजू शहरातली. धाकटा ह्योसॉप, त्याची बायको दक्षिणेच्या गांग्वा बेटावरची. दोघांची बहीण आक्का धाकट्याकडेच राहायची. थोरलीची कूस उजवेना, आणि थोरलं घर विझू द्यायचं नाही हा तर सगळ्यांच्या बापजाद्यांचा नियम. म्हणून धाकट्याचा पहिला मुलगा इन्मो सहा वर्षांचा असताना थोरल्या घरी दत्तक दिला. त्या दिवसापासून हेजूकरीण त्याची आई झाली आणि जिने जन्म दिला ती काकू. आईला तो ‘तू’ म्हणे, काकूला ‘तुम्ही’. गांग्वाकरणीने तेव्हा मनाची समजूत घातली होती, की आपल्याला काय, आणखी होतील. पुढे दोन झाल्या, दोन्ही मुली.

तरी तेव्हा दोन घरांत नुसता एक ओढा होता. पोर दगडांवरून उड्या मारत यायचं, काकूच्या हातचं खायचं, परत जायचं. मग जपानी गेले. त्या आनंदाची दारू उतरायच्या आत कुठल्या तरी परक्यांनी नकाशावर एक आडवी रेघ मारली. वरती रशियन, खालती अमेरिकन, थोडेच दिवस हं, म्हणाले. रेघ येऊन बसली ती नेमकी आमच्या ओढ्यावर. थोरलं घर वर राहिलं. धाकटं घर आणि टेकडीवरची वडलांची, म्हणजे आबांची, कबर खाली राहिली. ह्या मे महिन्यात दक्षिणेत मतदान झालं, उत्तरेने त्यात पाय घातला नाही. ऑगस्टात सोलमध्ये एक सरकार उभं राहिलं आणि गेल्याच आठवड्यात प्योंगयांगमध्ये दुसरं. दोघंही म्हणत, अख्खा देश आमचाच, समोरचा तोतया.

"एका घरात दोन थोरले," असं आक्का म्हणाली होती, तेव्हा तिला दोन्ही भावांनी मिळून गप्प केलं. अलीकडे त्यांचं एकमत झालेली तेवढी एकच गोष्ट.

नाक्यावरचा शिपाई आजवर कोंबडीवर, दारूच्या बाटलीवर भागायचा. काल त्याने इन्मोला बाजूला घेऊन सांगितलं होतं, उद्या सूर्य मावळेपर्यंत काय ते जा-ये करून घ्या, परवापासून वरचा हुकूम आहे, काठावर दिसेल त्याला गोळी. थोरल्या घरी जमलेल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं आणि सकाळपासून कोणी त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

"आई, एवढं सरपण पुरे का?" इन्मोने अंगणातून विचारलं.

दोन्ही बायांनी मान वर केली. "पुरे रे, हात धू आता," हेजूकरीण म्हणाली. धाकटीने मान खाली घातली आणि आपलं गाठोडं उगाच पुढे ओढलं. त्यातून पांढऱ्या अंगरख्याची घडी डोकावली.

"कोणासाठी ग?"

"काकूने पुतण्याला सणाचा कपडा शिवू नये की काय?"

हेजूकरणीने ओले हात पुसले, अंगरखा उलगडला, बाही ताणून बघितली. "शिव की. पण आखूड झाल्यात बाह्या. वर्षभरात हात केवढे वाढले त्याचे. तुला तरी कुठून दिसणार म्हणा."

गांग्वाकरणीला ते असं झोंबलं, की सारणात तिने मीठ दोनदा घातलं.

*

आतल्या खोलीत ह्योसॉप दुसऱ्या रांगेत उभा होता. चव्वेचाळीस वर्षांचं वय झालं तरी त्याची जागा दुसऱ्या रांगेतच होती.

पडद्यापुढे आबांच्या नावाची लाकडी पाटी उभी केलेली. तिच्यासमोर पान मांडलेलं, लाल फळं पूर्वेला, पांढरी पश्चिमेला, अळकुड्यांचं सार वाफाळतंय. मानसॉपने गुडघे टेकून पहिला पेला ओतला. त्याच्या शेजारी वारस म्हणून इन्मो. आणि इन्मोच्या मागे, त्याचा जन्मदाता बाप. आपल्याच पोराच्या टाचा बघत बापाने वाकायचं, ही तऱ्हा बारा वर्षं चालली होती, आणि दर वर्षी ह्योसॉपला वाटे की आता सवय होईल.

लहानपणी दादाला पंतोजी मिळाले, शाईचा दगड मिळाला, ह्याला बैल मिळाला. दोन वर्षांमागे उत्तरेच्या सरकारने जमीनदारांच्या जमिनी काढून घेतल्या. दादाची ओढ्याकाठची भातशेतं त्यांच्याच गड्याच्या नावावर गेली, तेव्हा ह्योसॉप चारचौघांत रडला होता. रडणं खरं होतं. पण रडताना पोटात कुठेतरी गोड गोड वाटत होतं, तेही तितकंच खरं होतं. आता पलीकडे तो गावचा प्रमुख होता. पोलीस त्याच्याकडे चहा प्यायचे. एवढं होऊनही ह्या उंबऱ्याच्या आत आलं, की तो पुन्हा बैलामागचा पोरगा व्हायचा.

"आबा, सावकाश जेवा," मानसॉप म्हणाला. पितरांना निवांत जेवता यावं म्हणून सगळे बाहेर आले आणि दार ओढून ओसरीवर गप्प बसले. गप्प बसायचीच रीत होती.

"सावकाशच जेवणार," आक्का पुटपुटली. "पहाटे तिकडे पोटभर जेवून आले असतील."

मानसॉपने मान वळवली. "तिकडे म्हणजे?"

आक्काने तोंडावर हात ठेवला. ह्योसॉपने तिच्याकडे असं बघितलं, की दुसरी कोणी असती तर ओसरीवरून खाली उतरली असती.

"ह्योसॉप, तू तुझ्या घरी पान मांडलंस?"

"मांडलं. कागदाची पाटी लिहिली, मुलींनी पान वाढलं."

"एका बापाची दोन पानं? एकाच सणाला?"

"तुमच्याकडे येऊ देतील की नाही, काय भरवसा होता, दादा?"

"पण दिलं ना येऊ! आलास ना! मग आबांनी काय करायचं? दोन्हीकडून बोलावणं, ओढ्याच्या मधल्या दगडावर उभं राहायचं?"

"आबा निजलेत आमच्या टेकडीवर." हे ह्योसॉपने पाठ करून ठेवल्यासारखं म्हटलं, आणि खरं तर पाठच केलं होतं. "माझ्या घरी यायला त्यांना ओढा ओलांडावा लागत नाही. तुमच्याकडे यायचं तर शिपायाला विचारावं लागतं."

"पाटी माझ्याकडे आहे."

"कबर माझ्याकडे आहे."

"थोरला मी आहे!"

"थोरल्याने सांभाळायची ती जमीन कुठाय मग? तुमच्या गड्याने तुमच्या डोळ्यांदेखत नांगरली. आणि ती ज्यांनी दिली त्यांचाच झेंडा तुम्ही दाराला लावलात."

मानसॉपचा चेहरा उतरला, पण आवाज उतरला नाही. "घर राखायचं म्हणून लावला. तू काय राखायला परक्यांची टोपी घातलीस? त्यांच्या बंदुकीच्या धाकाने मतं टाकलीत आणि म्हणे खरं सरकार!"

"तुमच्याकडे बंदुका नाहीत वाटतं? काठावर काय लाटणी घेऊन उभे आहेत?"

"हळू बोला रे," आक्का म्हणाली. "आबा जेवताहेत."

हे ऐकून दोघंही खरोखर खाली बसले. बाप मेला तरी जेवताना त्याच्यासमोर भांडायची छाती दोघांत नव्हती.

दार उघडून, वाकून, पान उतरवून सगळे प्रसादाचं जेवायला बसले तेव्हा ह्योसॉपने पुन्हा तोंड उघडलं, आणि आता त्याचा सूर मऊ होता. मऊ सूर जास्त भीतीचा.

"पाटी राहू द्या तुम्हाला. पान मी मांडणार नाही, हवं तर आबांची शपथ घेतो. पण इन्मोला द्या. उद्यापासून वाट बंद. मला दुसरा मुलगा नाही, दादा. मी मेल्यावर माझ्या कबरीवरचं गवत कोण कापणार? मुली परक्याच्या घरी जाणार."

आता आक्काने बाजू बदलली. सकाळी ती थोरल्याची होती, पान मांडल्याचं तिला मनातून पटलं नव्हतं. पण बिनवारशाची कबर म्हटल्यावर तिला स्वतःची आठवली. "खरं रे, थोरल्या. पोर त्याच्या रक्ताचं आहे. आणि आबांची कबर तिकडेच, म्हणजे थोरल्या घरचं कामही तिकडेच नाही का होणार?"

"पोर माझ्या नावाचं आहे," मानसॉप म्हणाला. "तो गेला तर ह्या घरात दिवा कोण लावणार? दिलेलं दान परत मागतोस? भिकारी तरी असं करत नाही."

हेजूकरीण सार वाढत होती. तिने इन्मोच्या वाटीत दोन अळकुड्या जास्त टाकल्या. गांग्वाकरणीने ते बघितलं आणि आपल्या ताटातला तळलेला मासा उचलून त्याच्या भातावर ठेवला. पोराच्या पुढ्यात डोंगर झाला.

"मला कोणी विचारलं नाही," इन्मो म्हणाला.

त्याने पुढ्यातला डोंगर बाजूला सारला.

"सहाव्या वर्षी विचारलं नाहीत, ते ठीक, तेव्हा मला काय कळत होतं. पण आता विचारा की. ह्या ओसरीवर रेघ कुठे मारायची हे सगळे ठरवताहेत, आणि मी म्हणजे जमीन झालो. विचारा ना. मी सांगतो."

विचारायला काहीच लागत नव्हतं. तीन शब्दांचा प्रश्न होता. मानसॉपने पेला उचलला, ह्योसॉपने पाइपमध्ये तंबाखू ठासली. दोन्ही बायांनी उठून एकदम ताटं उचलायला घेतली, अजून कोणाचं जेवण झालं नव्हतं तरी. पोराच्या तोंडून दुसरीचं नाव आलं तर, ही भीती दोघींनाही इतकी होती, की त्यापेक्षा न विचारलेलंच बरं.

*

घरामागे सोयाच्या रांजणांचा ओटा होता. हेजूकरीण तिथे गेली ती काही काढायला नव्हे, तर कोणी बघणार नाही म्हणून. धाकटी तिच्या पाठोपाठ आलीच.

"जाऊबाई, सरळ बोलते. आता रीतीप्रमाणे कबरीवर जाऊन वाकलो, की त्याला मी तिकडेच ठेवून घेणार आहे. चोरून नेते असं पुढे म्हणू नका."

"चोराने आधी सांगितलं म्हणजे चोरी होत नाही का?"

"माझं पोर आहे ते."

"तुझं होतं. तुझ्या हाताने दिलंस. सासऱ्यांसमोर त्याचा हात माझ्या हातात दिलास आणि तोंड फिरवून चालू लागलीस. मी बघत होते ना. एकदा मागे बघितलं नाहीस."

"बघितलं असतं तर देऊ शकले नसते."

"ते तुझं तू बघ. गोवर झाला तेव्हा रात्र रात्र कोण बसलं? जपानी शाळेत मार खाऊन यायचा, पाठीला तेल कोणी लावलं? तू काय केलंस? ओढ्यापलीकडून गोड गोड हसलीस आणि खाऊ दिलास. पाहुणीसारखी माया सोपी असते ग."

गांग्वाकरणीचे डोळे भरून आले, पण ती हटली नाही. "तुम्हाला काय ठाऊक सोपी की अवघड. माझ्याच पोराने मला ‘तुम्ही बरे आहात ना, काकू’ म्हणून विचारायचं! तुम्ही बारा वर्षं ‘आई’ ऐकलंत. आता मला ऐकू द्या. तुमचं काय जातंय? वय झालं तुमचं."

वयाचं काढायला नको होतं. हेजूकरीण घरात गेली आणि खालून चुलीच्या उबेने तापलेल्या जमिनीवर आडवी झाली. कपाळाला फडकं बांधलं. छातीत कळ येतेय म्हणाली.

मानसॉप घाबरला. त्याला खरंच वाटलं, आणि त्याच्या सोयीचंही होतं. "इन्मो, तू थांब आईपाशी. कबरीवर आम्ही जाऊन येतो."

गांग्वाकरणीने दारात उभं राहून त्या फडक्याकडे बघितलं. "दुखणं मुहूर्त बघून आलं म्हणायचं," ती म्हणाली, आणि आक्काने तिला दंडाला धरून बाहेर नेलं. आक्काला आता थोरलीची दया आली होती. दिवस मावळेपर्यंत तिने आणखी किती बाजू बदलल्या असत्या, सांगता येत नाही.

घर शांत झालं. इन्मो पायाशी बसून तिचे तळवे दाबत होता, आणि हेजूकरीण मिटल्या डोळ्यांनी जिंकल्याचा आनंद घेत होती. दोन तास असंच पडून राहायचं की झालं. सूर्य मावळेल, वाट बंद होईल, आणि पुढे सरकार तिचं काम करील. दोन सरकारांनी मिळून एवढं तरी तिच्यासाठी करावं.

तळवे दाबणारे हात थांबले. तिने डोळे किलकिले केले. दार उघडं होतं. समोर ओढा, पलीकडे टेकडी, आणि टेकडीवर चढणारे पांढरे कपडे. इन्मो तिकडे बघत होता.

"काकू सारख्या मागे वळून बघताहेत," तो म्हणाला.

तसं बघताना हेजूकरणीने त्याला ह्याआधी पाहिलं होतं. सहा वर्षांचा होता तेव्हा, हिवाळ्यात ओढा गोठेपर्यंत तो रोज काठावर जाऊन बसायचा. तिने भात भरवला, तो खायचा. आई म्हण म्हटलं, आई म्हणायचा. तापात मात्र ओढ्याच्या दिशेला हात करायचा. जी हातपाय धुऊन देते, ओरडते, सकाळी उठवते, तिच्यावर पोरं रुसतात. जी सोडून गेली तिच्यासाठी रडतात. हे हेजूकरणीला त्याच वर्षी कळलं होतं, आणि त्या दिवसापासून तिने धाकटीचा जो हेवा केला तो तिच्या कुशीचा नव्हता. त्या पाठीचा होता. निघून गेलेल्या पाठीचा.

आज त्याला ठेवून घेतलं तर? उद्यापासून मध्ये बंदुका. धाकटी आता पुरती निघून गेलेली होईल, जन्मभरासाठी. मी रोज भात वाढीन आणि तो दारातून तिकडे बघेल. मी मरताना माझा हात धरील आणि तिकडे बघेल.

नाही. त्यापेक्षा त्याने माझ्याकडे बघावं.

पुढे आमच्या घरात ह्या गोष्टीला त्याग म्हणायची पद्धत पडली. सणावाराला तिचं नाव निघालं की म्हातारे डोळे पुसतात. मी नाही त्याला त्याग म्हणणार. ती जळत होती, आणि जळणाऱ्या माणसाला जे सुचतं ते तिला सुचलं. तिला त्याची लाजही वाटली नाही.

तुला कुठे राहायचंय, हे विचारावं असं तिच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं. फडकं सोडलं.

"ऊठ. आपणही जाऊ कबरीवर."

"आणि कळ?"

"थांबली."

*

ती दोघं टेकडी चढताना दिसली तेव्हा गांग्वाकरीण उठून उभी राहिली. कसं झालं, का झालं, तिला कळेना. एरवी थोरली कबरीवर येत नसे. आज आली होती, धापा टाकत, इन्मोच्या दंडाला धरून, आणि आल्या आल्या तिने मातीच्या उंचवट्यापुढे डोकं टेकलं.

वर आल्यावर आधी सगळं रीतीने झालं. गवत कापून झालं होतं. पेला ओतला, सगळे वाकले. मग हेजूकरीण उठली, घागऱ्याची माती झटकली आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "इन्मो आजपासून धाकट्या घरी राहील."

"काय बोलतेस?" मानसॉप पुढे आला. "कोणी अधिकार दिला तुला?"

"मी वाढवला त्याला, त्या वाढवण्याने दिला."

"थोरलं घर विझेल, बाई!"

"आबा ह्या टेकडीवर आहेत म्हणून ते आपले नाहीत का? वारसही राहील. पलीकडे राहील."

"आणि नाक्यावर शिपाई डोकी मोजतो, त्याला काय सांगू? तिघांतला एक कुठे गेला?"

"सांगा, धाकटीने पळवला."

"मी?" गांग्वाकरीण म्हणाली.

"मग कोण? आमच्या बाजूला सगळे तेच म्हणणार. तुमच्या बाजूला म्हणतील, आम्ही पाठवून दिला हेरगिरी करायला. दोघींनी सवय केलेली बरी."

मानसॉप खाली बसला. भावाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्याने झटकला नाही. हरलेल्याला आणि जिंकलेल्याला एकत्र बसलेलं बघून आक्का एकाएकी हमसून रडायला लागली. कोणासाठी ते तिलाही सांगता आलं नसतं.

"आई," इन्मो म्हणाला, "मी काय म्हणतो ते तरी—"

"काही म्हणू नकोस." हेजूकरणीचा आवाज कधी नव्हे इतका कोरडा होता. "सहाव्या वर्षी गप आलास. आताही गप राहा."

त्याने तिच्यापुढे गुडघे टेकले, दोन्ही हात जमिनीवर ठेवून कपाळ मातीला लावलं. मोठा नमस्कार. कुठे लांब जाताना करतात तो, आणि मेलेल्याला करतात तोही. तो डोकं वर काढीपर्यंत ती टेकडी उतरायला लागली होती. मानसॉप तिच्यामागे गेला, तो चारदा वळला. ती वळली नाही. मान ताठ, पाठ सरळ, पायाखालचे दगडसुद्धा तिने वाकून बघितले नाहीत.

गांग्वाकरणीने ती मान ओळखली. बारा वर्षांमागे तिने स्वतः तशीच धरली होती, त्याच ओढ्यावर. मागे बघितलं असतं तर पोर धावत आलं असतं, रडून मोकळं झालं असतं, आठ दिवसांत विसरलं असतं. ती वळली नाही, म्हणून पोर विसरलं नाही. हे तिचं एकटीचं ठेवणीतलं होतं. दर सणाला तो येऊन तिच्याकडे तसा बघायचा, त्यावर तिने बारा वर्षं काढली होती. आणि थोरलीला ते सगळं पहिल्यापासून माहीत होतं.

"मिळाला ग मुलगा आपल्याला," ह्योसॉप तिच्या कानाशी म्हणाला. त्याचा आवाज आनंदाने फाटत होता.

ऊन उतरलं होतं. टेकडीखाली त्यांच्या घरातून धूर निघत होता, मुलींनी चूल पेटवली असणार. तिने अंगरखा गाठोड्यातून काढून हातात धरला होता, तो तसाच राहिला.

"चल, बाळा. भात टाकायचाय."

इन्मो हलला नाही.

"इन्मो. चल ना रे, थंडी पडेल."

"तुम्ही व्हा पुढे, काकू. ती पलीकडे पोचू दे, मग येतो."

ओढ्याच्या दगडांवरून दोन पांढरे ठिपके सरकत होते, पुढचा तिचा. तो काठावर चढला, नाक्यापाशी थांबला, मग थोरल्या घराच्या दारातून आत गेला. दार लागलं. इन्मो त्या दाराकडे बघत उभा होता, आणि गांग्वाकरीण त्याच्याकडे. असं तर तो तिच्याकडेच बघायचा. तिला वाटलं, आत्ताच्या आत्ता धावत ओढा ओलांडावा, त्या बाईला दारातून बाहेर काढावं आणि आपण आत जाऊन बसावं.

म्हणजे तो असा बघेल.